तंबोऱ्याच्या पेटीतली हवा

फायबरच्या धंद्यात माणसाला अवेळी म्हातारं कोण करत असेल, तर हवा. गिऱ्हाईक नव्हे, लाईट घालवणारे नव्हेत, शेडचा मालकसुद्धा नव्हे. आपण श्वासाबरोबर आत घेतो ती साधी, फुकटची हवा. मिरजेच्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये माझं आख्खं आयुष्य तिला हाकलण्यात गेलं, आणि ती अजून गेलेली नाही.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आधी साचा करायचा. त्याला मेण लावून घासायचं, म्हणजे माल नंतर सुटून येतो. मग रंगाचा थर द्यायचा. तो सुकत आला की काचेच्या बारीक धाग्यांची मॅट अंथरायची आणि तिच्यावर ब्रशनं रेझिन मारायचं. रेझिन मधासारखं चिकट असतं. त्यात हार्डनर घातला की थोड्या वेळात त्याचा दगड होतो. तेवढ्या वेळात मॅटमध्ये अडकलेले सगळे बुडबुडे दाबून बाहेर काढायचे. थर चढवत जायचं आणि दर थराला हेच करायचं. एखादा बुडबुडा आत राहिला तर वरून काही दिसत नाही. माल आरशासारखा चमकतो, गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन जातं, आणि कधीतरी एक धक्का बसला की बरोबर तिथंच चीर पडते. मग ते गिऱ्हाईक परत येतं, आणि येताना एकटं येत नाही.

गिऱ्हाइकांबद्दल काय बोलावं कप्पाळ. तासगावकडचा एक द्राक्षवाला औषधाची टाकी न्यायला आला, तो खिशात दगड घेऊन. टाकी किती मजबूत आहे बघू म्हणाला आणि मी हो-नाही म्हणायच्या आत हाणला. इस्लामपूरच्या एका मंगल कार्यालयवाल्याला स्टेजसाठी फायबरचे घोडे हवे होते. घोडे तयार झाल्यावर म्हणाला, चेहऱ्यावर जरा हसू पाहिजे होतं. घोडा हसतो कसा हे मी आजवर बघितलेलं नाही. तरी पुट्टी लावून हसवला, आणि तो दात काढलेला घोडा बघून नवरीकडची लहान पोरं रडायला लागली, तर तोही दोष माझाच ठरला.

पण या सगळ्यांनी मिळून जेवढा ताप दिला नाही तेवढा एका तंबोऱ्याच्या पेटीनं दिला. तीच गोष्ट सांगायला बसलोय.

दस्तगीरचाचा आमच्या मिरजेतले तंबोरे करणारे. घराण्यातच ते काम. अलीकडं त्यांच्या डाव्या हाताला कंप सुटला होता. दसऱ्याच्या आधी ते शेडवर आले आणि म्हणाले, एक मोठा तंबोरा झालाय, त्याला पेटी पाहिजे. आसामातल्या एका गाणं शिकवणाऱ्या बाईंनी तो सांगितला होता. त्यांचा आधीचा तंबोरा दुसऱ्याच कोणाच्या तरी पेटीतून गेला होता आणि पोचेपर्यंत भोपळा फुटला होता. हा नवा त्याच्या बदल्यात. त्यांचा एक शिष्य दिवाळीच्या आधी मिरजेला येऊन रेल्वेनं घेऊन जाणार होता. चाचा माझ्या हाताला धरून म्हणाले, "विलासभाऊ, हा फुटला तर दुसरा करायचा हात माझ्याकडं राहिलेला नाही. एवढा मोठा भोपळा मी परत उचलणार नाही. हा शेवटचा."

असं म्हटल्यावर माणूस नाही कसं म्हणणार? आणि घोडं तिथंच अडलं. टाकी, दरवाजा, छपराची पन्हळ, सगळ्यांच्या बाजू जवळजवळ सरळ. त्यांच्यासाठी बाजारात जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा रोलर मिळतो. दंडगोल, त्याला खाचा पाडलेल्या. खाचांतून हवा निघून जाते. पण तंबोऱ्याच्या पेटीचं पोट म्हणजे खोल गोल परात. त्यात सरळ रोलर फिरवला की तो दोन टोकांवर चालतो आणि मधली हवा मजेत बसून राहते. मला पोटफुगा रोलर पाहिजे होता, मधे जाड आणि कडेला बारीक. तो सांगलीत मिळेना, पुण्यातही मिळेना. यूट्यूबवर एक परदेशी माणूस त्याच्या चकचकीत गॅरेजमध्ये असलाच रोलर चुटकीसरशी करून दाखवत होता. त्याच्याकडं सगळी मशिनं होती. माझ्याकडं एक ड्रिल, आणि तेही हाताला शॉक देणारं.

सुतारानं टाकून दिलेला लाकडाचा एक गोळा घेऊन पहिला रोलर केला. लाकडानं रेझिन पिऊन घेतलं आणि थोड्या वेळात आपणच साच्याला चिकटून बसलं. छिन्नीनं काढावं लागलं. मग जाड पीव्हीसी पाइपला खाचा पाडल्या. चालला बरा, पण धुवायला ॲसिटोनमध्ये टाकला आणि बाहेर काढला तर चघळून टाकलेल्या च्युइंगमसारखा झालेला. बायको म्हणाली, चाचांना सांगा जमत नाही म्हणून. मी म्हणालो, जमत नाही हे मला कळतंय, पण माझ्या डोक्याला कळत नाही.

शेवटी भंगारवाल्याकडं बसून लोखंडी वॉशर निवडले. फ्रिजच्या तांब्याच्या नळीचा तुकडा घेतला आणि त्यावर वॉशर ओवत गेलो. एक मोठा, एक छोटा, परत मोठा, परत छोटा. म्हणजे मधे आपोआप खाच राहते. मोठ्यांतले सगळ्यांत मोठे मधोमध, कडेला जाताना लहान होत गेलेले. सैल ओवले की खुळखुळ्यासारखे वाजत, घट्ट आवळले की फिरत नसत. मग ते नळीवरच पक्के आवळले आणि नळीच्या आत सळई घालून नळी फिरती ठेवली. पुढं वॉशरच्या कडा मॅट कापायला लागल्या. म्हणून लेथवाल्याकडं जाऊन कडा गोल करून घेतल्या. तो म्हणाला, वॉशर घासून घेणारा माणूस धंद्यात पहिल्यांदा बघितला. सळई वाकवून तिला कानशीची लाकडी मूठ बसवली. बोरासारखा, बेढब दिसणारा, पण पोटात असा बसला की बस्स. मला इतका आनंद झाला की तो मी जेवताना ताटाशेजारी ठेवला.

इथं माझे दाजी गोष्टीत येतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. रहिमतपूरजवळच्या गावचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. घरी बसून त्यांनी आक्काच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची रोज सकाळी परेड घ्यायला सुरुवात केली. उंचीप्रमाणं रांग. डाळ एका दिवशी जिथं असेल तिथं दुसऱ्या दिवशी नसे. आक्कानं मला फोन केला आणि म्हणाली, माझं डोकं फिरायच्या आधी यांना तुझ्याकडं घेऊन जा. आता बहिणीचा नवरा म्हणजे मानाचा माणूस. त्याला नाही म्हणता येत नाही, आणि कामावर ठेवला तर ओरडता येत नाही. कामगाराला शिवी हासडून जे काम होतं तेच मला आवं-जावं करून घ्यावं लागे. पण माणूस सरळ आणि कष्टाळू. सकाळी मी यायच्या आत शेड झाडून, हत्यारं ओळीनं लावलेली असत.

खंडेनवमीला दाजींनी पूजा मांडली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजतात, कामाला लावत नाहीत. ड्रिल, कात्र्या, ब्रश, कानशी, सगळं धुऊन मांडलं, हळदीकुंकू, झेंडू. मधोमध माझा नवा रोलर. मला बरं वाटलं. आपण केलेल्या वस्तूला कोणी फूल वाहिलं की वाटतंच.

दसरा झाल्यावर पेटीचं काम काढलं. पेटी दोन भागांची, पोट आणि वर लांब मान. दोन्हींना पहिल्या दिवशी दोन थर, ते रात्रभर घट्ट होऊ द्यायचे, दुसऱ्या दिवशी वरून आणखी दोन. पोटात माझा रोलर, मानेत बाजारचा जर्मनचा. रोलर असा गुळगुळीत फिरत होता की मी दाजींना म्हणालो, बघा कसा पळतोय. दाजी नुसते हसले. साच्यातून पेटी निघाली ती काळी कुळकुळीत, चमकदार. चाचा आले. त्यांनी पेटीला हात लावला नाही, आधी कान लावला. मग बोटाच्या पेरानं टकटक करत मानेवरून पोटाकडं आले आणि थांबले. म्हणाले, ही इथं खोटं बोलतेय.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाकडातलं तुम्हाला कळतं, फायबरमधलं मला कळतं, असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं. खिशातलं नाणं काढून मीही वाजवलं. मानेवर खणखणीत आवाज, पोटावर मंद, पोकळ. पत्र्याची पातळ पट्टी आत सारली तर वरचे थर खालच्या थरांपासून पोळीच्या पापुद्र्यासारखे सुटून आले. अशी पेटी रेल्वेत एकदा पडली असती की पोट चेपून भोपळ्यावर बसलं असतं.

दुसरी पेटी केली. हार्डनर बदलला, मॅटचा नवा रोल फोडला, दमट हवा नको म्हणून दारं लावून घेऊन आत घामानं भिजलो. रोलर पहिल्यापेक्षाही मऊ पळत होता. पोट पुन्हा सुटलं. रेझिनवाल्याला फोन करून मी जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. तो बिचारा सांगत होता की याच डब्यातला माल बाकी सगळ्यांना गेलाय आणि कोणाची तक्रार नाही. मी त्याला खोटारडा म्हटलं आणि दुसऱ्याकडून रेझिन आणलं. बायको म्हणाली, रोलरला कोणाची तरी नजर लागली असेल. दाजी गंभीरपणे म्हणाले, लागली असंल, मी बघतो. त्यांनी काय बघितलं ते मी विचारलं नाही.

तिसरी पेटी साच्यातून काढली तेव्हा बाईंचा शिष्य मिरजेत येऊन उतरला होता आणि त्याची गाडी दुसऱ्या दिवशी होती. चाचा थोड्या वेळात येणार होते. मी नाणं वाजवलं. पोट पोकळ. मी तिथंच फरशीवर बसलो. रडायचं वय नव्हतं म्हणून रडलो नाही, एवढंच.

बसल्या बसल्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ती आधी कशी आली नाही याचा मला आजही राग येतो. तिन्ही वेळा मान चांगली होती. तेच रेझिन, तीच मॅट, तोच हार्डनर, तीच हवा. फरक होता तो एका रोलरचा. मी रोलर उचलला आणि वॉशरच्या खाचेत नख घातलं. नख ओलं झालं. वास घेतला. शिलाई मशिनचं तेल.

तेल आणि रेझिन यांचं जमत नाही. तेलाचा हात लागलेल्या थरावर दुसरा थर बसतो, चिकटत मात्र नाही. मी तीन पेट्यांना दर थराला, प्रेमानं, कानाकोपऱ्यापर्यंत तेल फासलं होतं.

दाजी दारात ब्रश धूत होते. मी जमेल तेवढ्या शांतपणे विचारलं, दाजी, ह्या रोलरला तुमी काही लावता का? ते म्हणाले, "व्हय, रोज लावतो की. ॲसिटोननं धुतलं की लोखंड कोरडं पडतंय. हत्यार तेल लावल्याबिगर ठेवायचं न्हाई, ही आमची सवय हाय." मग नजर लागली म्हणून परवापासून दोनदा लावत होते. आणि जर्मनच्या रोलरला? त्याला न्हाई, जर्मन कुठं गंजतंय, म्हणाले. दाजी दुसऱ्या कुठल्या मुलखातले असते तर हा प्रकार घडला असता असं मला वाटत नाही. त्यांच्याकडं घरटी एक माणूस फौजेत, आणि प्रत्येकाच्या खिशात तेलाची चिंधी.

मी त्यांना सांगितलं, तेलानं काय होतं ते. ओरडलो नाही, दातओठ खाऊन सांगितलं. ते ऐकत होते. त्यांचा चेहरा असा उतरला की मला ओरडल्याहून वाईट वाटलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. आज ना उद्या हे पिशवी भरून रहिमतपूरला निघणार असं मी मनात धरलं, आणि आक्काला काय सांगायचं याची जुळवाजुळव करायला लागलो.

तेवढ्यात चाचांची रिक्षा आली. ते सोललेल्या पोटाकडं बघत उभे राहिले. कंप सुटलेला हात त्यांनी दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता. मी म्हणालो, चाचा, काय करणार, रेझिनचा लॉटच खराब निघाला. आपल्या माणसाला बाहेरच्यापुढं उघडं पाडायचं नसतं, एवढं मला कळतं. पण दाजींना माझी दया नको होती. ते पुढं आले, टाचा जुळवून उभे राहिले, आणि म्हणाले,

"न्हाई चाचा. माल चांगला हाय, पाव्हण्यांचं काम चांगलं हाय. हत्याराला तेल मी लावलं. तीनी येळा मीच."

झालं. माझ्या शेडची अब्रू, जी मी खोटं बोलून कशीबशी झाकली होती, ती दाजींनी सावधान उभं राहून उघडी केली. मला वाटलं आता चाचा तंबोरा गोधडीत गुंडाळून पाठवणार. पण त्यांनी सोललेलं पोट बाजूला सारलं. मग त्यांनी मला विचारलं, पेटी परत करायला किती वेळ लागेल? दोन दिवस तरी, मी म्हणालो. गाडी चुकते तर चुकू दे, म्हणाले, त्या पोराला मी माझ्या घरी ठेवून घेतो. आणि दाजींकडं बोट करून म्हणाले, "पण पोट यांनी करायचं. तुम्ही नाही."

मी? तीस वर्षं बुडबुडे मारणारा मी नाही, आणि चार महिन्यांपूर्वी ब्रश हातात धरलेले दाजी? विचारलं तर चाचा म्हणाले, यांच्या हातून आता तिथं चूक होणार नाही, तुमच्या हातून होईल, तुम्ही रागात आहात. रागात तर मी होतोच.

रोलर पूर्ण सुटा केला. वॉशर उकळत्या साबणात घातले, मग ॲसिटोन, मग गॅसच्या ज्योतीवर धरून धूर निघायचा थांबेपर्यंत भाजले. दाजींनी एकेक वॉशर पांढऱ्या कागदावर घासून बघितला, डाग उमटतो का म्हणून. चाचा दाराशी स्टूल टाकून, नाकाला रुमाल लावून दोन्ही दिवस बसले. दाजी पोटात वाकून मधून कडेकडं, मधून कडेकडं रोलर फिरवत होते आणि मी बाजूला उभा राहून हार्डनर मोजून देत होतो, माझ्याच शेडमध्ये हेल्पर होऊन. दोनदा सांगायचा मोह झाला की इथं बुडबुडा दिसतोय. दोन्ही वेळा माझ्या आधी त्यांना दिसला.

पेटी निघाल्यावर चाचांनी कान लावला. सगळीकडं फिरले. पोट खणखणीत. जिथं पोट मानेला मिळतं तिथं ते परत परत वाजवायला लागले. मी नाणं वाजवलं, मला काहीच ऐकू येईना. ते म्हणाले, बारीक आहे, पण आहे. वैतागून मी तिथं बारीक भोक पाडलं, यांचं समाधान तरी होऊ दे म्हणून. आत मसुराच्या दाण्याएवढी हवा होती. सुईनं रेझिन सोडून ती बंद केली. दाजी हसले नाहीत, ही त्यांची मेहरबानी.

तंबोरा गेला. नंतरचे दिवस माझा जीव टांगणीला. मिरजेहून आसाम म्हणजे गाड्या बदलणं, हमाल, पायऱ्या, पाऊस, काय नाही. दाजी रहिमतपूरला गेले नाहीत. बोलत कमी होते, पण येत होते. रोलर आता धुऊन कोरडा करून, पांढऱ्या कागदात गुंडाळून ठेवत होते, आणि त्याला गंज आला तर रोज घासत बसत होते.

एका दुपारी चाचांची रिक्षा शेडपुढं थांबली. मी पुढं झालो, तर मला ओलांडून ते सरळ दाजींकडं गेले. म्हणाले, पोचला. एका स्टेशनवर हमालाच्या डोक्यावरून पेटी खाली आली होती. पेटीचा एक कोपरा खरवडला, आत भोपळ्याला केसाएवढीही चीर नाही. बाईंनी फोनवर तारा छेडून ऐकवल्या होत्या. दाजींनी मान हलवली. ते ब्रश धुवायला वळले. धुतलेलेच ब्रश परत धूत होते.

मी म्हणालो, चला चाचा, सुटलो एकदाचे. शेवटचं काम नीट पार पडलं.

चाचा मागं वळले. रिक्षाकडं जाऊन त्यांनी रिक्षावाल्याला हाक मारली. दोघांनी मिळून मागच्या सीटवरून गोणपाटात बांधलेलं काहीतरी उतरवलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. गोणपाट सोडला. आत सुकवलेला, अजून न कापलेला भोपळा होता, मंगळवेढ्याकडून आणलेला. चाचांचा हात त्यावर थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नाही. म्हणाले, नीट पोचतोय म्हटल्यावर हात बसून राहीना.

मी भोपळ्याभोवती टेप लावला. घेर आधीच्यापेक्षा वीतभर मोठा होता. माझा साचा त्याला बसणार नव्हता. रोलरही बसणार नव्हता. सगळं पहिल्यापासून करायचं होतं. मी डोक्याला हात लावून खाली बसलो, आणि दाजी भंगारवाल्याकडं वॉशर आणायला केव्हाच सायकलवरून निघाले होते.